आधी झोपेचं विचारा

"रातभर डोयाले डोया लागत नाही जी." हे वाक्य म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी आलं, तर घरचे त्याला दवाखान्यात नेतात. तेच पंधरा वर्षांच्या पोराने म्हटलं, तर "मोबाइल ठेव अन् झोप" एवढ्यावर विषय संपतो. आत्महत्यांच्या बातम्यांनी पोळलेल्या यवतमाळ जिल्ह्याने तरी हा विषय इतक्या लवकर संपवू नये. ज्या मुलांच्या मनात मरणाचे विचार घोळत असतात, त्यांच्या तक्रारींत न लागणारी झोप वारंवार आढळते. तिच्यावर उपचार आहेत आणि त्यांना महागडी यंत्रं लागत नाहीत.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. कोणतीही आत्महत्या एका कारणाने होत नाही. नैराश्य, घरातली भांडणं, कर्ज, परीक्षा, छळ, व्यसन असं बरंच काही एकत्र येतं. यातल्या अनेक गोष्टी डॉक्टरच्या हातात नसतात. झोप मात्र बऱ्याच अंशी त्याच्या आवाक्यात असते.

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग इथे टीना गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी आत्महत्येने गेलेल्या १४० किशोरवयीनांची माहिती घरच्यांकडून गोळा केली आणि समाजातल्या १३१ मुलांशी तिची तुलना केली. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. गेलेल्या मुलांमध्ये शेवटच्या आठवड्यातल्या झोपेच्या तक्रारी लक्षणीय जास्त होत्या. नैराश्याची तीव्रता हिशेबात धरल्यावरही हा फरक उरला. याचा अर्थ झोप न लागणारं प्रत्येक मूल धोक्यात आहे, असा नाही. पण आधीच खचलेल्या मुलाची झोप उडाली, तर ती धोक्याची खूण मानायला हवी.

रात्री मेंदूत काय होतं?

आपली झोप दोन गोष्टी ठरवतात. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन हे रसायन साचत जातं आणि झोपेची ओढ वाढते. दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातलं घड्याळ. अंधार पडल्यावर ते मेलॅटोनिन स्रवायला लावतं आणि रात्र झाल्याचं शरीराला कळवतं. वयात येताना हे घड्याळ दीड-दोन तासांपर्यंत पुढे सरकतं. ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्स्कॅडन यांनी अनेक वर्षं हा बदल अभ्यासला आहे. त्यामुळे सोळा वर्षांच्या पोराला दहा वाजता झोप येत नाही, यात त्याचा आळस किंवा हट्ट नसतो. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. सकाळची शिकवणी आणि शाळा मात्र त्याच्या घड्याळासाठी थांबत नाहीत. रोज तास-दोन तासांची तूट पडत जाते.

मध्यरात्रीनंतर जागा असलेला मेंदू दिवसासारखा वागत नाही. भावना आवरणाऱ्या आणि परिणामांचा विचार करणाऱ्या कपाळामागच्या भागाची पकड ढिली होते. तेव्हाच नकारात्मक विचार जोर धरतात आणि बोलायला कुणी जागं नसतं. मायकेल पर्लिस यांच्या गटाने अमेरिकेतल्या आत्महत्यांच्या वेळा तपासल्या आणि त्या वेळी किती लोक जागे असतात, हेही मोजणीत धरलं. मध्यरात्र ते पहाटे सहा या काळात आत्महत्यांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा साडेतीन पटींहून जास्त निघालं.

यवतमाळच्या रात्रीला आणखी पदर आहेत. कृषिपंपाला रात्री वीज मिळाली, की ओलितासाठी बापासोबत पोरगाही वावरात जातो. रानडुक्कर आणि रोही पीक फस्त करतात, म्हणून जागलीवर जावं लागतं. झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली ते सहज उतरत नाही. त्यात खर्रा. त्यातल्या तंबाखूचं निकोटिन मेंदूला जागं ठेवतं, हे खाणाऱ्या पोराला कुणी सांगितलेलं नसतं.

उपचार कसा होतो?

निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नाही. जगभरातले तज्ज्ञ आधी झोपेसाठीची वर्तन-विचार उपचारपद्धती सुचवतात. सुरुवात वहीच्या एका पानाने होते. कधी आडवा झाला, अंदाजे कधी झोप लागली, कितीदा जाग आली, कधी उठला, एवढं मुलाने रोज सकाळी लिहायचं.

समजा, मुलगा दहाला अंथरुणात शिरतो, दीडला झोपतो आणि सहाला उठतो. अंथरुणात आठ तास, झोप साडेचार. म्हणजे अंथरुणातला जेमतेम ५६ टक्के वेळ झोपेचा. बाकीचा कूस बदलण्यात आणि काळजीत जातो. मेंदूला सवय लागते, की अंथरूण म्हणजे विचारांची जागा. अशा मुलाला 'लवकर झोप' सांगून उपयोग नसतो. त्याला सांगायचं, साडेअकराच्या आधी पाठ टेकू नकोस आणि रविवारीही साधारण सहालाच ऊठ. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून मंद उजेडात शांत काहीतरी कर. डोळे जड झाले की परत ये. मोबाइल दुसऱ्या खोलीत राहील. उठल्यावर अर्धा तास अंगणातल्या उजेडात काढायचा; सकाळचा प्रकाश शरीराचं घड्याळ मागे ओढतो. अंथरुणातला ८५ टक्के वेळ झोपेत जाऊ लागला, की झोपायची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणायची.

आत्महत्येचा धोका असलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र हे काम जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावं. झोपेचे तास फार आवळले, तर मन आणखी अस्थिर होऊ शकतं. काही मुलं तीन तास झोपूनही उत्साहाने उसळत असतात. तो द्विध्रुवी आजार असू शकतो आणि जागरणाने तो भडकतो. पाय शिवशिवतात म्हणून झोप येत नसेल, तर रक्तातलं लोह तपासावं लागतं. वारंवार भीतिदायक स्वप्नं पडत असतील, तर त्यावर वेगळी रीत आहे: दिवसा त्या स्वप्नाचा शेवट मुलाने आपल्या मनासारखा बदलायचा आणि ते नवं स्वप्न रोज काही मिनिटं मनात घोळवायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच, तर थोड्याच दिवसांच्या आणाव्यात आणि पालकांनी स्वतःच्या ताब्यात ठेवाव्यात. फवारणीची औषधंही कुलपात असावीत. जिवावर उठलेली विचारांची लाट बहुतेकदा ओसरते. ती ओसरेपर्यंत घातक वस्तू हाताशी नसणं जीव वाचवतं.

यवतमाळात कुठून सुरुवात?

गावपातळीवरचं मानसिक आरोग्याचं काम फळ देतं, हे विदर्भाने दाखवलं आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी संवाद साधला. नैराश्य असलेल्या प्रौढांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. यवतमाळात प्रेरणा प्रकल्पातून आशा ताई शेतकरी कुटुंबांपर्यंत जातात. त्याच भेटीत घरातल्या पोरापोरींना "झोप कशी लागते?" एवढं विचारता येईल. मन कसं आहे, या प्रश्नाला मान खाली जाते. झोपेबद्दल मूल बोलतं.

मात्र तिथेच थांबू नये. झोप बिघडली असेल, तर पुढचा प्रश्न सरळ विचारावा: "जीव नकोसा होतो का? मरणाचे विचार येतात का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, ही भीती संशोधनाने खोटी ठरवली आहे. उत्तर 'हो' आलं, तर मुलाला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

शाळांचाही यात वाटा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा आदेश काढला, ते चांगलंच झालं. पण घड्याळ पुढे सरकतं ते आठवी ते बारावीच्या मुलांचं. अमेरिकेतल्या सिएटलने २०१६ मध्ये मोठ्या मुलांची शाळा ७:५० ऐवजी ८:४५ ला सुरू केली, तेव्हा त्यांची रोजची झोप ३४ मिनिटांनी वाढली. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांनी आणि शिकवणी वर्गांनी पहाटेच्या तुकड्या बंद कराव्यात.

झोप सुधारली म्हणून कर्ज फिटत नाही, कापसाला भाव मिळत नाही, नैराश्यही आपोआप जात नाही. पण रात्रीचे सर्वांत धोक्याचे तास मूल झोपेत काढतं आणि बाकीच्या उपचारांना वेळ मिळतो. यात उशीर करू नका. मनाचा भार असह्य झाला असेल, तर 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही मोफत आणि मराठीतून बोलता येतं. हा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लिहिलेला असावा.