फोटो मोबाईलवर स्पष्ट, छापल्यावर धूसर का?

आमची स्मरणिका छापून आली तेव्हा ज्येष्ठ कार्यकर्त्यांचे चेहरे धूसर दिसत होते. आम्ही प्रेसवाल्याला दोष दिला. पण चूक आमचीच होती. फोटो आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे पाठवले होते, त्यात ते लहान झाले.

डिजिटल फोटो म्हणजे पिक्सेलची, अर्थात रंगीत ठिपक्यांची जाळी. हातात धरून पाहायच्या छपाईसाठी एका इंचात साधारण 300 पिक्सेल लागतात. 4000 बाय 3000 पिक्सेलचा, म्हणजे 12 मेगापिक्सेलचा फोटो सुमारे 13 बाय 10 इंच चांगला छापता येतो. तोच 1600 बाय 1200 झाला, की जेमतेम 5 बाय 4 इंच. नंतर सॉफ्टवेअरमध्ये नुसता 300 आकडा टाकून गेलेले पिक्सेल परत येत नाहीत. फ्लेक्स दुरून पाहतात, म्हणून तिथे इंचाला 72 पिक्सेलही चालतात.

तेव्हा मित्रांनो, मूळ फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. घरातला 4 बाय 6 इंची जुना फोटो 600 डीपीआयवर स्कॅन करा; तो 8 बाय 12 इंच छापता येईल. त्या फोटोंतली अनेक माणसे आज हयात नाहीत. त्यांचे चेहरे तरी पुढच्या पिढीला स्पष्ट दिसले पाहिजेत.