मस्टरवरची माणसे

लक्झरला नाईलच्या पश्चिम काठावर एक दिवसाची सहल निघते. पहाटे बस, राजांच्या दरीत तीन थडगी, हॅटशेपसूट राणीच्या मंदिरासमोर फोटो, अलाबास्टरच्या दुकानात सक्तीचा अर्धा तास आणि मेम्नॉनचे अठरा मीटर उंचीचे पुतळे जवळजवळ खिडकीतूनच. २०२३ च्या जानेवारीत आम्ही अठ्ठावीस मराठी माणसे याच क्रमाने निघालो होतो.

दरीत साठाहून अधिक थडगी सापडली आहेत, पण साध्या तिकिटात तीनच. तुतनखामेनचे पैसे वेगळे. आत गाईडने बोलायचे नाही, असा नियम. त्यामुळे तो बाहेर उन्हात सगळे सांगतो आणि आत जाईपर्यंत आपण निम्मे विसरतो. चौथ्या रामसेसच्या थडग्यातले रंग काल दिल्यासारखे ताजे आहेत. मागून गर्दी रेटत असते. बाहेर आल्यावर मी गाईडला विचारले, ‘हे कोरले कोणी?’

‘पगारी कारागिरांनी. त्यांचे गाव या डोंगरापलीकडेच आहे. पण आपल्या कार्यक्रमात नाही.’

मग अलाबास्टरच्या अर्ध्या तासावर पाणी सोडायचे ठरले. काही वहिनी माझ्यावर रागावल्या, ते साहजिकच होते.

गावाचे नाव देर एल-मदिना. गुडघ्याएवढ्या भिंती, मधून एक बोळ, दोन्ही बाजूंना मिळून सत्तरच्या आसपास घरे. बर्नार्ड ब्रुयेर या फ्रेंच संशोधकाने १९२२ ते १९५१ इथे उत्खनन केले. पाहण्यासारखे फार नाही, पण वाचण्यासारखे अमाप निघाले. चुनखडीच्या कपच्यांवर आणि खापरांवर या लोकांनी हिशेब, पत्रे, भांडणे, सगळे लिहून ठेवले होते. त्यातली एक कपची ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षातले ते चक्क मस्टर आहे. तारखा काळ्या शाईत, गैरहजेरीची कारणे लाल शाईत. एकाला विंचू चावला, एकाचे डोळे आले, एक घरी बीअर गाळत होता. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला असे मस्टर परके वाटत नाही. रजेच्या अर्जांत मीही कमी विंचू पाहिलेले नाहीत.

पगार धान्यात असे. साध्या कारागिराला महिन्याला साडेपाच पोती गहू-जव. तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पूर्व ११५५ च्या सुमारास, हे धान्य थकले. कारागीर हत्यारे खाली ठेवून चौक्या ओलांडून बाहेर पडले आणि एका देवळामागे जाऊन बसले. आम्ही भुकेले आहोत, एवढेच त्यांचे म्हणणे. दुसऱ्या दिवशी ते रामेसियमपर्यंत गेले. जगातला नोंद झालेला हा पहिला संप मानतात. ती नोंद पपायरसवर असून इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. पुढे वजीर त्या भागात आला, पण राजाच्या राज्यारोहणाच्या तिसाव्या वर्षाच्या उत्सवासाठी देवमूर्ती न्यायला. कारागिरांकडे तो फिरकलाच नाही. कोठारेही रिकामी आहेत, असा निरोप मात्र त्याने धाडला. अर्धे धान्य मिळाले.

१९८२ च्या गिरणी संपात मी परळच्या एका शाखेत नवा कारकून होतो. पगाराची नोंद पडणार नाही हे ठाऊक असूनही माणसे पासबुक भरून घ्यायला येत. शिल्लक काढता काढता किमान रकमेवर आली की काउंटरवर पासबुक उघडे धरून नुसती उभी राहत. ‘बघा ना साहेब, काही आलंय का?’ मी बघत असे. नसे.

शेवटचा थांबा मदिनत हाबू, त्याच तिसऱ्या रामसेसचे मंदिर. प्रचंड, देखणे, शत्रूंच्या कापलेल्या हातांच्या राशी कोरलेले. दक्षिणेच्या बाहेरच्या भिंतीवर मात्र युद्ध कमी आणि आकडे जास्त: कोणत्या सणाला देवापुढे किती भाकऱ्या, किती बीअर, किती धान्य. ओळीमागून ओळ, खातेवहीसारखी. तिकडे फारसे कोणी जात नाही. सगळ्यांची गर्दी कापलेल्या हातांपाशी.

मी आकड्यांच्या रांगा बघत उभा होतो. अक्षर वाचता येत नव्हते, पण रकाने कळत होते. तेवढ्यात आमच्या बसचा हॉर्न वाजला.