तालुका निवडताच गावांची यादी कुठून येते?

सातबारा ऑनलाइन पाहायचा तर आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव निवडावे लागते. पुणे जिल्ह्यात ‘जुन्नर’वर बोट ठेवले की ओतूर, नारायणगाव, खोडद अशी नावे येतात, ‘आंबेगाव’ केले की घोडेगाव, मंचर. ही यादी बदलते कशी?

एक जुनी पद्धत अशी : प्रत्येक निवड दूरच्या सर्व्हरकडे जाते आणि अख्खे पान नव्याने उतरते. दुसऱ्या पद्धतीत पानासोबत एक छोटा प्रोग्राम येतो आणि तो मोबाइलच्या ब्राउझरमध्येच चालतो. हेच क्लायंट-साइड स्क्रिप्टिंग. क्लायंट म्हणजे माहिती मागणारा, इथे शेतकऱ्याच्या हातातला मोबाइल. हा प्रोग्राम फक्त गावांची यादी मागवतो. बाकीचे पान जागचे हलत नाही.

यासाठी सर्रास वापरली जाणारी भाषा जावास्क्रिप्ट. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये तिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत उभा केला. नावात ‘जावा’ असले तरी जावा ही वेगळीच भाषा. पुढे २००५ मध्ये गुगल मॅप्स आले आणि पान पुन्हा न उघडता नकाशा सरकवता येतो, हे लोकांनी पाहिले.

भीमाशंकरच्या बाजूला डोंगरात रेंज जेमतेम असते, तिथे हा फरक जास्त जाणवतो. समजा, अर्जात चाळीस आर क्षेत्र लिहायचे आहे. रकाना हेक्टरचा, म्हणजे आकडा हवा ०.४०, घाईत टाकला ४०. स्क्रिप्ट असेल तर चूक तिथल्या तिथे दिसते. नसेल तर अर्ज सर्व्हरपर्यंत जाऊन परत येतो, कधी कधी भरलेले सगळे रकाने कोरे होऊन.

मात्र स्क्रिप्टचाही भार असतो. काही पाने पूर्णपणे तिच्यावरच उभी असतात. फाइल उतरेपर्यंत पडदा पांढराफटक. साधा मजकूर आधी दाखवून बाकीचे मागून आणणे शक्य असते, पण शहरातल्या वेगवान इंटरनेटवर पान तपासणाऱ्यांना त्याची गरजच भासत नाही.

शिवाय ब्राउझरमधली तपासणी सोयीपुरतीच. जाणकार माणूस ती बंद करू शकतो, बदलूही शकतो. म्हणून तोच आकडा सर्व्हरनेही पुन्हा तपासायला हवा. तिथे ढिलाई झाली, तर ४० हेक्टर तसेच नोंदले जाते आणि दुरुस्तीसाठी हेलपाटे शेतकऱ्यालाच घालावे लागतात.