परसबागेतील गावरान दुधी : बीजनिवड आणि वैद्याचे दायित्व

पथ्याचा उपदेश करताना आम्ही वैद्यमंडळी द्रव्याचे नाव सांगतो, त्याचे गुण सांगतो, क्वचित मात्राही सांगतो; परंतु ते द्रव्य कोणत्या बीजापासून उपजले याची चौकशी सहसा करीत नाही. औषधी वनस्पतींच्या बाबतीत संदिग्ध द्रव्य, भेसळ, प्रतिनिधी द्रव्य यांवर आपल्या परिषदांतून पुष्कळ चर्चा होते. शाकवर्गाच्या वाट्याला ती येत नाही. दुधी म्हणजे दुधी, दोडका म्हणजे दोडका, असे आम्हीही वर्षानुवर्षे धरून चाललो होतो. ही समजूत कशी मोडली ते सांगून मग परसबागेत गावरान बीज कसे निवडावे व राखावे याचे विवेचन करण्याचा विचार आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या चिकित्सालयामागील परसात दुधीचा एक जुना गावरान वाण आम्ही मोठ्या हौसेने जोपासला होता. आखूड मानेचा, फिकट हिरवा, शिजल्यावर लोण्यासारखा होणारा. त्याच्या बियांच्या पुड्या रुग्णांना देण्याचा आमचा परिपाठ होता. स्थौल्य व रक्तदाबाचे एक रुग्ण, पेशाने शिक्षक, यांना आम्ही सकाळी ताज्या दुधीचा रस घेण्यास सांगितले व सोबत एक पुडीही दिली. पुढील पावसाळ्यात त्यांच्या वेलीस फळे धरली. पहिल्याच फळाचा पेलाभर रस त्यांनी काढला. तो कडू लागला. पत्नीने टाकून देण्यास सुचविले असता, ‘कडू आहे म्हणजे औषधी आहे’ असे म्हणून त्यांनी तो नेटाने संपविला. अर्ध्या तासात तीव्र उदरशूल, छर्दी, अतिसार सुरू झाला. छर्दीत रक्ताचा अंश दिसला, रक्तदाब खालावला. सुदैवाने घरच्यांनी आमची वाट न पाहता त्यांना रुग्णालयात नेले. शिरेवाटे द्रव देऊन, दोन दिवस देखरेखीखाली ठेवून त्यांना घरी सोडण्यात आले.

रस आम्ही सांगितलेला आणि बीज आम्हीच दिलेले. ‘कडू लागल्यास घेऊ नका’ हे चार शब्द मात्र आम्ही उच्चारले नव्हते.

वामक आणि पथ्य : एकाच कुळातील

खरे तर हे आम्हास ठाऊक असावयास हवे होते. चरकसंहितेच्या कल्पस्थानातील तिसरा अध्याय इक्ष्वाकुकल्पाचा आहे आणि इक्ष्वाकु म्हणजे कडू भोपळाच होय. त्याच स्थानातील जीमूतक, धामार्गव व कृतवेधन ही वामक द्रव्येही याच वेलवर्गातील. धामार्गव म्हणजे कडू घोसाळे व कृतवेधन म्हणजे कडू दोडका असे सामान्यतः मानले जाते. भावप्रकाशाच्या शाकवर्गात गोड तुंबी व कटुतुंबी यांचे गुण वेगवेगळे दिले आहेत. ग्रंथकारांनी भेद स्पष्ट केला आहे, विस्मरण आमचे.

आधुनिक वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गोड दुधी व कडू भोपळा ही एकाच जातीची दोन रूपे आहेत. कडूपणास कारण होणारा द्रव्यसमूह कुकर्बिटासिन या नावाने ओळखला जातो. तो शिजवूनही नष्ट होत नाही, त्यामुळे भाजी केली म्हणजे दोष गेला असे समजू नये. एकच जात असल्याने त्यांचा संकर सहज होतो. पडवळाचीही तीच कथा : भाजीचे लांब पडवळ व औषधात वापरले जाणारे कडू पडवळ एकाच जातीत मोडतात.

आमच्या परसात नेमके काय घडले? आदल्या वर्षी कुंपणापलीकडे एका भजनी गृहस्थांनी एकतारीसाठी भोपळ्याचा वेल चढविला होता. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना लागणारे मोठे भोपळे पंढरपूर, मंगळवेढा परिसरात पिकतात हे अनेकांना ज्ञात असेल. तेही याच जातीचे आणि चवीने कडू. दुधीचे पांढरे फूल सायंकाळी उमलते व रात्री उडणारे पतंग त्याचे परागीकरण करतात. पतंगाला कुंपण नसते. त्या भोपळ्याचा पराग आमच्या मादीफुलांवर पडला.

आता येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे, जी न समजल्यामुळेच आमची फसगत झाली. फळाचा गर हा मातृवेलीचा भाग असतो. पराग कोणाचाही असो, त्या वर्षीचे फळ मातृवेलीच्याच चवीचे राहते. संकर होतो तो बीजाच्या आत. त्यामुळे आदल्या वर्षीचे आमचे दुधी नेहमीसारखे गोड होते, आम्ही ते खाल्ले, निर्धास्त झालो आणि त्याच वेलीवरच्या पक्व फळांतील बीज वाटले. अशा संकरात कडूपणा सामान्यतः प्रबळ ठरतो व तो पुढच्या पिढीच्या फळांत प्रकट होतो. सारांश, बीज ज्या फळातून घेतले ते गोड होते एवढ्यावरून त्या बीजाची ग्वाही देता येत नाही.

हा प्रश्न केवळ आमच्या परसाचा नाही. २०१० साली दिल्लीत दुधी व कारल्याच्या मिश्र रसाच्या सेवनानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीचा आशय असा : रस काढण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखावा, कडू असल्यास संपूर्ण फळ टाकून द्यावे, दुधीचा रस इतर रसांत मिसळू नये व त्रास होताच रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे, या विषावर विशिष्ट प्रतिविष उपलब्ध नाही. कारल्याचा रस मिसळला की दुधीचा कडूपणा झाकला जातो, हे मिश्र रसाचे चिकित्सापत्र लिहिताना ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

मग गावरान बीज टाळावे काय?

मुळीच नाही. संकरित, म्हणजे एफ-१, बियाण्यापासून आलेल्या फळाचे बीज पेरले असता पुढच्या पिढीत गुण विखुरतात व दरवर्षी नवे पाकीट घ्यावे लागते. सरळ वाणाचे बीज योग्य रीतीने राखल्यास पिढ्यानुपिढ्या तेच गुण देते. शिवाय कोवळेपणी देठ न तुटणारे, प्रवासात न चेपणारे फळ ही बाजाराची गरज असते. चव, शिजण्याची मृदुता, दीर्घकाळ थोडे थोडे उत्पन्न या घरच्या गरजा आहेत व त्या जुन्या वाणांनी सांभाळल्या आहेत. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडे, भात, भाज्या यांचे शेकडो वाण राखून बीजबँक उभी केली व २०२० सालच्या पद्मश्री सन्मानासाठी त्यांची निवड झाली, हे सर्वविदित आहे. बीज राखणे, पेरणे, देवघेव करणे हा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानेही मान्य केला आहे. (नोंदणीकृत वाणाचे बीज छापील नावाने विकता येत नाही एवढाच अपवाद.)

जाता जाता एक खुलासा. ‘गावरान’ म्हणजे ‘मूळचे भारतीय’ असा अर्थ आपल्यातील काही मंडळी लावतात व रुग्णांनाही तसे सांगतात. मिरची, टोमॅटो, तांबडा भोपळा ही सर्व अमेरिका खंडातून आलेली. जो वाण एखाद्या गावाने अनेक पिढ्या आपल्या हातांनी निवडला तो गावरान, इतकाच अर्थ घ्यावा.

बीज राखण्याची रीत

ज्यांनी पूर्वी बीज राखलेले नाही त्यांनी वाल, पावटा, चवळी, मेथी यांपासून आरंभ करावा. ही बहुतांशी स्वपरागीकरण करणारी पिके आहेत. दोन वाण जवळ असले तरी फारशी मिसळ होत नाही. टोमॅटोही तसाच. त्याचे बीज गरासह एक ते तीन दिवस आंबवून, बुळबुळीत आवरण सुटल्यावर धुऊन वाळवावे. वांगी, मिरची, भेंडी यांत मधमाश्यांमुळे काही अंशी संकर होतो, म्हणून निवडलेल्या झाडाच्या एखाद्या फांदीस कळ्या येताच मलमलीची पिशवी बांधावी. पालकाच्या नादी लागू नये. त्याची नर व मादी झाडे वेगवेगळी असतात, पराग वाऱ्यावर दूरवर जातो आणि चार झाडांच्या वाफ्यात वाण शुद्ध राहत नाही.

वेलवर्गाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे लागते. दुधीच्या पायाभूत बियाण्यासाठी १००० मीटर व प्रमाणित बियाण्यासाठी ५०० मीटर विलगीकरण अंतर राखण्याचा दंडक आहे. घराच्या परसात हे अशक्य असल्याने हाताने परागीकरण करणे हाच उपाय. आम्ही पुढील रीत अवलंबितो.

दुपारी चारच्या सुमारास वेल न्याहाळावा. त्या सायंकाळी उमलणाऱ्या कळ्या टोकाशी पांढऱ्या होऊन फुगलेल्या दिसतात. लांब, सडपातळ देठाची ती नरकळी. जिच्या तळाशी बोटाएवढे लवदार पिटुकले फळ असते ती मादी. दोन्हींची टोके सुती दोऱ्याने हलकेच बांधावीत, म्हणजे पतंगास प्रवेश मिळत नाही. दिवेलागणीस नरफूल तोडून त्याच्या पाकळ्या दूर कराव्यात, मादीफुलाचा दोरा सोडून परागकोश तिच्या कुक्षीवर हळुवार फिरवावा व मादीफूल पुन्हा बांधावे. देठास रंगीत दोरा बांधून खूण करावी. शक्य तर नरफूल त्याच वाणाच्या दुसऱ्या वेलीचे घ्यावे. दोडका व पडवळ यांची फुलेही सायंकाळीच उमलतात; घोसाळे व कारले यांची सकाळी, म्हणून त्यांच्या कळ्या आदल्या सायंकाळी बांधून ठेवाव्यात. दोडका व घोसाळे यांचा परस्पर संकर होऊ शकतो, हेही स्मरणात असावे.

परागीकरणापूर्वी करावयाची एक परीक्षा याहून महत्त्वाची आहे. बीजासाठी राखलेले फळ कोवळेपणी कापता येत नाही. परंतु एका वेलीवरील सर्व फळांचा गर त्या वेलीचाच असल्याने त्याच वेलीचे पहिले कोवळे फळ कापून, देठाकडील व टोकाकडील चकती जिभेवर ठेवून थुंकून टाकावी. किंचितही कडू लागल्यास त्या वेलीची दयामाया न करता तिला मुळासकट उपटावे. तिची नरफुले इतर वेलींना दूषित करीत असतात. पाण्याचा ताण व अतिउष्णता यांनीही कडूपणा वाढू शकतो. तथापि कारण कोणतेही असो, अशी फळे खाऊ नयेत व बीजही धरू नये. नर व मादी असे दोन्ही वेल चाखून गोड ठरल्यावरच त्यांचे मीलन घडवावे.

निवडीत आणखी एक चूक घरोघरी होते. चांगली फळे स्वयंपाकघरात जातात आणि पानांआड विसरलेले, हंगामाच्या शेवटचे एखादे वेडेवाकडे फळ ‘बियांसाठी’ म्हणून उरते. दहा वर्षे असे केले की निगुतीने जपलेला वाण उशिरा फळणारा व बेढब होतो आणि दोष मातीस दिला जातो. निरोगी वेलीवरील, वाणाच्या मूळ आकाराचे, दुसरे वा तिसरे फळ आधीच मुक्रर करावे. ते वेलीवरच ठेवावे. सुमारे दोन महिन्यांत साल कठीण व भुरकट होते, देठ सुकतो, हलविल्यास बिया खुळखुळतात. तोवर त्या वेलीवर नवी फळे कमी धरतील. हा तोटा सोसावा.

एकाच वेलीचे बीज वर्षानुवर्षे घेत राहिल्यास वाण क्षीण होण्याचा संभव असतो. पाच-सहा वेली लावण्याइतकी जागा प्रत्येकाकडे नसते. म्हणून तीन-चार घरांनी मिळून एकच वाण धरावा व बीज एकत्र करून वाटून घ्यावे.

बीज सावलीत, हवेशीर जागी वाळवावे. तीव्र उन्हात पत्र्यावर पसरू नये. साठवणीचा ढोबळ नियम असा की बीजातील ओलावा एक टक्क्याने घटला वा तापमान सुमारे पाच अंशांनी उतरले, तर त्याचे आयुष्य जवळपास दुपटीने वाढते. कोरडे बीज राखेत घोळून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवण्याची आजीबाईंची पद्धत यामुळेच टिकून आहे. वाल-चवळीस भुंगा लागतो. पूर्ण वाळलेले बीज बंद बरणीत चार-पाच दिवस शीतकपाटाच्या बर्फकप्प्यात ठेवल्यास त्याचा उपद्रव थांबतो. दुकानातील गुलाबी वा हिरवा रंग चढविलेल्या बियांना बुरशीनाशक लावलेले असते. त्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत व उरल्यास स्वयंपाकात कदापि वापरू नयेत.

चिकित्सापत्रातील बदल

त्या प्रसंगानंतर आमच्याकडील दोन वर्षांचे सारे दुधीबीज आम्ही जाळून टाकले आणि ज्यांना पुड्या दिल्या होत्या त्यांना जमेल तसे निरोप पाठविले. आठ घरांपैकी आणखी एका घरी वेल कडू निघाला. तेथील आजींनी पहिला दुधी चिरतानाच चाखून वेल उपटला होता. त्यांना कोणी शिकविले, असे विचारता ‘दुधी-काकडी न चाखता कधी कोणी चिरते काय?’ असा प्रतिप्रश्न आला.

शिक्षक महाशय आजही आमच्याकडे येतात. रस त्यांनी पुन्हा घेतला नाही व आम्हीही आग्रह केला नाही. दुधीची भाजी ते आवडीने खातात. मूळ वाण आम्हास दूरच्या एका नातलगांकडून परत मिळाला. आता फळधारणेसाठी बांधलेल्या फुलांपासून आलेले बीजच आम्ही देतो. पुडीवर वाणाचे नाव, परागीकरणाचे वर्ष, मातृवेल चाखल्याची नोंद आणि मोठ्या अक्षरांत एक ओळ असते : प्रत्येक वेलीचे पहिले फळ चाखावे, कडू लागल्यास थुंकावे, वेल उपटावा, रस घेऊ नये. खरिपासाठी ही पुडी जून-जुलैत व उन्हाळी लागवडीसाठी जानेवारी-फेब्रुवारीत देतो. ज्यांस वाचता येत नाही त्यांच्याकडून ती ओळ आमच्यासमोर तोंडी म्हणवून घेतो.