६४ बिट म्हणजे दुप्पट वेग नव्हे

‘६४ बिटचा प्रोसेसर ३२ बिटच्या दुप्पट वेगवान.’ लॅपटॉपच्या दुकानात हेच ऐकायला मिळतं, कॉम्प्युटर क्लासमध्येही हेच. दर वेळी चिडचिड होते, कारण हे साफ चूक आहे.

हे ३२ किंवा ६४ बिट म्हणजे प्रोसेसरची वर्ड साइझ, म्हणजे तो एका सूचनेत किती बिटांची पूर्णांक संख्या थेट हाताळतो ते. ढोबळमानाने रजिस्टरची, म्हणजे प्रोसेसरच्या आत संख्या ठेवायच्या जागेची, रुंदी. वेगाचं ते माप नाही. २५ आणि ३० यांची बेरीज ३२ बिटांत आरामात मावते. रजिस्टर ६४ बिटांचं केलं तर वरच्या बिटांत फक्त शून्यं भरतात, बेरीज लवकर होत नाही. फायदा होतो तो एन्क्रिप्शनसारख्या, प्रचंड संख्यांच्या कामात.

मग अनेक प्रोग्रॅम ६४ बिटवर जलद चालतात, ते का? एएमडीने २००३ मध्ये ऑप्टेरॉन हा ६४ बिटचा प्रोसेसर आणला, तेव्हा रजिस्टरं रुंद तर केलीच, शिवाय त्यांची संख्या ८ वरून १६ केली. त्यामुळे मेमरीकडच्या खेपा कमी झाल्या. या वाढीव संख्येचं श्रेय लोक रुंदीला देऊन मोकळे होतात! रुंदीचा तर तोटाही आहे. प्रत्येक पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, ४ ऐवजी ८ बाइट खातो आणि कॅश, म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी जलद मेमरी, लवकर भरते. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी २००८ मध्ये याच उधळपट्टीवर जाहीर टीका केली होती. लिनक्समध्ये २०१२ साली आलेल्या ‘एक्स३२’ या पद्धतीत रजिस्टरं ६४ बिटांची, पण पॉइंटर मुद्दाम ३२ बिटांचे ठेवले होते. रुंदी हाच वेग असता, तर ही खटपट कुणी कशाला केली असती?

६४ बिटची खरी गरज पडली ती मेमरीपायी. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पत्ते बसतात; पत्त्यामागे एक बाइट, म्हणजे ४ जीबी.

‘३२ बिटवर ४ जीबीपेक्षा जास्त रॅम चालतच नाही’ हेही खरं नाही. १९९५ च्या पेंटियम प्रोला ३६ बिटांच्या पत्त्यांमुळे ६४ जीबी चालत असे. ४ जीबीची मर्यादा एकेका प्रोग्रॅमला होती.

‘३२ बिटला मोठी संख्या झेपत नाही’: झेपते, दोन तुकड्यांत, हातचा घेऊन.

‘वर्ड ८, १६, ३२, ६४ असाच असतो’: मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेने बांधलेल्या टिफ्रॅक या संगणकाचा ४० बिटांचा होता.

‘आता १२८ बिट येणार’: कशासाठी? ६४ बिटांचे सगळे पत्तेच अजून वापरात नाहीत. ऑप्टेरॉनने त्यातले ४८ बिट वापरले, आणि तेवढ्यातच २५६ टीबी मावतात.