त्रेचाळीस मिनिटांचा हिशेब

१८ नोव्हेंबर २०२५ ला संध्याकाळी पाचच्या सुमारास संकेतस्थळांची रहदारी वाहून नेणारं क्लाउडफ्लेअर कोलमडलं आणि जगभरातली असंख्य संकेतस्थळं तीनेक तास लंगडत राहिली. कारण क्षुल्लक होतं. डेटाबेसच्या परवानग्यांत बदल केला, त्यापायी एक फाइल दुपटीने फुगली आणि यंत्रणेला ती पेलवेना. कोणाचं काय बंद पडलंय हे सांगणारं डाउनडिटेक्टरसुद्धा त्याच वेळी बंद पडलं होतं. त्याच महिन्यात संकेतस्थळाच्या भेटी मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्सला २० वर्षं पूर्ण झाली. वस्त्रनगरी इचलकरंजीत त्याचे पेढे कोणी वाटले नाहीत, आणि वाटावेत असं त्यात काही नव्हतंही.

त्याआधीचा काळ झटपट उरकावा असाच. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांना खुलं केलं. पाठोपाठ पानाच्या तळाशी आकडे फिरवणारे काउंटर आले. त्यांची सुरुवात एकपासून न करता थेट पाच हजारांपासून करायची सोय होती, आणि ती बिनदिक्कत वापरली जाई. यापलीकडे त्या वर्षांत सांगण्यासारखं फार नाही.

खरं दशक २००५ ते २०१४ हे. राज्यभर भारनियमनाचा धुमाकूळ होता. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला तेव्हापासून मागांच्या खडखडाटावर जगणाऱ्या गावाला ‘बंद’ची किंमत शिकवावी लागत नाही. वीज गेली की बिम तसंच, कामगार बसून आणि पाळी वाया. अशा गावात सूत व्यापारी, सायझिंगवाले आणि मागाचे सुटे भाग बनवणारे संकेतस्थळं घेऊ लागले, तेव्हा होस्टिंग, म्हणजे संकेतस्थळासाठी सर्व्हरवरची जागा, विकणाऱ्यांनी त्यांच्यासमोर एक आकडा ठेवला: ९९.९ टक्के अपटाइम, म्हणजे संकेतस्थळ चालू राहण्याचा वेळ.

ऐकायला झकास. तीस दिवसांच्या महिन्यात उरलेला ०.१ टक्का म्हणजे ४३ मिनिटं १२ सेकंद. तेवढा वेळ संकेतस्थळ बंद राहिलं तरी करार मोडत नाही. त्यातून ‘पूर्वसूचित देखभाल’ बहुधा वगळलेली. भरपाई मागायची तर ग्राहकाने स्वतः बंद पकडायचं, स्वतः अर्ज करायचा आणि मिळणार काय, तर महिन्याच्या भाड्यातला चिल्लर वाटा. शिवाय मोजणी कशाची? अनेक ठिकाणी नुसत्या पिंगची, म्हणजे सर्व्हरला मारलेल्या हाकेची. सर्व्हर पिंगला इमानेइतबारे ‘आहे’ म्हणून उत्तर देई, आणि आत मायएसक्यूएल हा डेटाबेस आडवा पडल्यामुळे ग्राहकाला दिसे कोरं पान. २०१० साली अपटाइम रोबोटने दर पाच मिनिटांनी फुकट तपासणी सुरू केली, तेव्हा कुठे लहान ग्राहकाच्या हाती स्वतःचा पुरावा आला. दोन तपासण्यांच्या मधली चार मिनिटं त्यातूनही निसटतच.

होस्टिंगवाले सांगायचे, सर्व्हर अमेरिकेत आहे, तिथे वीज जात नाही. पण ३१ मे २००८ ला ह्यूस्टनमध्ये ‘द प्लॅनेट’ कंपनीच्या डेटा सेंटरात विजेच्या यंत्रणेचा स्फोट झाला. भिंती उडाल्या आणि सुमारे ९,००० सर्व्हर बंद पडले. जनरेटर होते, पण अग्निशामक दलाने ते सुरू करायला मनाई केली. भारनियमनाला निदान वेळापत्रक तरी होतं.

रहदारीच्या अहवालांची कथा जास्त चटका लावणारी. होस्टिंगसोबत खातं सांभाळायचं सी-पॅनल मिळे आणि त्यात अहवाल काढणारं एडब्ल्यूस्टॅट्स, लॉरें देस्तायर या फ्रेंच प्रोग्रामरचं काम. सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक मागणीची एक ओळ पडते: आयपी पत्ता, वेळ, कोणती फाइल, मिळाली (२००) की सापडली नाही (४०४), किती बाइट. त्या ओळी चाळून एडब्ल्यूस्टॅट्स रंगीत पट्ट्या काढी. ‘न सापडलेल्या’ फाइलींच्या यादीत फॅविकॉन, म्हणजे संकेतस्थळाचं चिमुकलं चिन्ह, हमखास असे. देशांच्या यादीत अमेरिकेचा झेंडा वर दिसला की निर्यातीची स्वप्नं पडत. त्या पाहुण्यांत माणसं किती आणि ओळख न सांगणारे बॉट किती, हे कोण सांगणार!

विक्रेते सांगत ते ‘हिट्स’. एका पानावर वीस चित्रं असली की एका भेटीच्या एकवीस हिट्स. मागाचे ठोके मोजून कापडाचं बिल लावण्यातला हा प्रकार, आणि तोही मीटर-मीटरचा हिशेब ठेवणाऱ्या गावात! अ‍ॅनालिटिक्सचा आकडा बराच लहान निघे, कारण ते ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडच्या तुकड्यावर मोजत असे आणि बहुतेक बॉट तो तुकडा चालवतच नसत. मग ग्राहक आणि विक्रेता यांच्यात जुंपे.

तरी त्या अहवालात एक सोनं होतं, शोधशब्दांची यादी. कोणी ‘पॉपलीन’ शोधत आलं, कोणी ‘केंब्रिक’, कोणी ‘ग्रे कापड’, हे व्यापाऱ्याला फुकटात कळे. ऑक्टोबर २०११ मध्ये गूगलने लॉगिन केलेल्यांचे शोध झाकले, सप्टेंबर २०१३ मध्ये जवळजवळ सगळ्यांचेच. कारण दिलं खासगीपणाचं. जाहिरातदारांना मात्र शब्द दिसत राहिले. याला खासगीपणा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं.

पुढची वर्षं मालक बदलण्याची. मुंबईच्या डायरेक्टीचा बिगरॉक आणि रिसेलरक्लबसह होस्टिंगचा धंदा २०१४ साली अमेरिकेच्या एंड्युरन्सकडे गेला. २०१९ मध्ये सी-पॅनलने खात्यागणिक दर लावले आणि छोट्या होस्टिंगवाल्यांचं गणित बिघडलं. १ जुलै २०२३ ला जुनं अ‍ॅनालिटिक्स मोजायचं थांबलं. १ जुलै २०२४ पासून त्यातले जुने आकडे पाहायचीही सोय उरली नाही. ज्यांनी वेळेत उतरवून घेतले नाहीत त्यांचे गेले. फुकटच्या नव्या आवृत्तीत खोलवर चाळायचा तपशील फार तर १४ महिने राहतो, आणि मुळातली मुदत तर दोनच महिन्यांची. व्यापारी दिवाळीची दिवाळीशी तुलना करतो, हे कॅलिफोर्नियात बसून कोणाला सुचावं?

राहिले ते सर्व्हरचे लॉग. एप्रिल २०२२ च्या आदेशात सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेने कंपन्यांना लॉग १८० दिवस जपायला सांगितले, ते सुरक्षेसाठी. ग्राहकाने आपल्या लॉगची प्रत स्वतः ठेवायची तर सी-पॅनलच्या ‘रॉ अ‍ॅक्सेस’ पानावर आजही एक चौकोन आहे. त्यात खूण केली की लॉग ग्राहकाच्याच खात्यात साठत जातात. त्यासाठी जास्तीचा पैसा मोजावा लागत नाही, खात्यातली थोडी जागा तेवढी जाते. होस्टिंग विकणारे मात्र त्या चौकोनाबद्दल आपणहून बोलत नाहीत.