जुनं रिव्हॉल्व्हर घेताय? थोडं थांबा!

जुनी शिलाई मशीन घेताना आपण चाक फिरवून बघतो, टाके कसे पडतात ते पाहतो, पैसे मोजतो आणि मशीन घरी आणतो. पण घरातल्या पुरुषमंडळींनी ओळखीच्या कुणाकडून वापरलेलं रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरवलं, तर मैत्रिणींनो, मध्ये बोला. ‘तुला त्यातलं काय कळतं?’ असं ऐकून घ्यावं लागेल. घ्या ऐकून, पण बोला!

माझी मावसबहीण बोलली नाही. शेतावरची एकटी वस्ती, म्हणून तिच्या यजमानांनी रीतसर परवाना काढला. नवं हत्यार महाग, तेव्हा ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर ठरलं. स्टॅम्पपेपरवर सह्या झाल्या, आणि त्याच संध्याकाळी ते हिच्या कपाटात पैठणीच्या घडीखाली येऊन बसलं. तीन आठवड्यांनी ते गृहस्थ वारले. पुढे निवडणूक आली, शस्त्रं जमा करण्याचा हुकूम निघाला. यजमान ठाण्यात गेले, तर यांच्या परवान्यावर त्या हत्याराचा नंबरच नाही! तिकडे त्या गृहस्थांच्या परवान्यावर नंबर आहे, पण घरात हत्यार नाही.

चूक कुठं झाली? परवाना माणसाचा असतो, हत्याराबरोबर तो येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे खाजगी मालकाला आपलं हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला विकता येतं. पण आधी त्यानं घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं असतं, आणि त्यानंतर निदान ४५ दिवस जावे लागतात. तोवर हत्यार विकणाऱ्याकडेच राहायला हवं. ‘नुसतं ठेवायला आणलंय’ ही सबब चालत नाही. स्टॅम्पपेपरचा उपयोग झालाच तर पैशांच्या भांडणात. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीपासून कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद आहे. नियम मोडून विकणं हाही गुन्हाच आहे.

म्हणून झेरॉक्सवर भागवू नका, विकणाऱ्याचा मूळ परवाना बघा. मुदत संपलेली नाही ना? त्यावर यूआयएन क्रमांक आहे ना? हत्यारावरचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी एकेक अंक ताडून पाहा, आणि नंबर खरवडलेला दिसला तर चहासुद्धा न घेता उठा. ९ मि.मी.चं पिस्तूल कुणी स्वस्तात देऊ केलं तरी नको, ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. घरच्या माणसाकडे आधीच दोन अग्निशस्त्रं असतील तर तिसरं घेताच येत नाही. २०१९ पूर्वी ही मर्यादा तीन होती, त्यामुळं जुने लोक अजून ‘तीन चालतात’ म्हणून सांगतात.

आणि विकणारी एखादी विधवा बाई असेल, तर तिच्यासाठीही एक गोष्ट. परवानाधारक वारला की हत्यार कपाटात ठेवून गिऱ्हाईक शोधायचं नसतं. ते विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, आणि पुढची विक्री तिथूनच.

बहिणीकडच्या तारखा अजून चालू आहेत. रिव्हॉल्व्हर मुद्देमाल म्हणून जमा आहे. पैठणीवर पडलेला तेलाचा डाग मात्र दोनदा ड्रायक्लीन करूनही गेलेला नाही.